बाबागाडीतला आयरिस

...अर्धी सावली म्हणे! अहो, बहारीनमध्ये? ऑगस्टात? जिथं भर दुपारी माणसाची स्वतःची सावलीसुद्धा पायाखाली लपते, तिथं आमच्या सदानंद टिपणिसानं रोपाला अर्धी सावली आणायची कुठून? तुम्हाला सांगतो, मीना सलमान बंदरावरच्या गोदामातला हा साधा अकाउंटंट, पण साहेबाची मडम सुट्टीवर जाताना सायबेरियन आयरिसची कुंडी त्याच्याच हातात देऊन गेली. "पार्शल शेड, सदानंद! अँड कीप इट मॉइस्ट!" सायबेरियन! बर्फातलं झाड! आणि हा काय म्हणाला? "येस मॅडम!"... म्हणणारच, कॉन्ट्रॅक्ट रिन्यू व्हायचं होतं ना!

अंगणात भिंत एकच. सावली सकाळी इकडे, दुपारी खलास, संध्याकाळी तिकडे! कुंडी उचलून उचलून कंबर धरली, तेव्हा यानं मडमेचीच जुनी बाबागाडी आणली, तीत कुंडी बसवली, वर छत्री बांधली, आणि निघाला सावलीमागं गल्लीभर! अर्धी सावली!

समोरच्या आबिदाबाईंनी पाहिलं. "मुबारक हो भाईजान! लडका या लडकी?"

घाम डोळ्यांत गेलेला, सदानंद म्हणाला, "जी... सायबेरियन."

झालं! हलवा आला, पेढे आले, विणलेली टोपी आली... त्याची बायको लीना दाराआड उभी. लग्नाला इतकी वर्षं झाली, घरात पाळणा हलला नव्हता. तिनं टोपी परत पाठवली नाही हो, गुपचूप कपाटात ठेवली. सदानंदनं पाहिलं, आणि न पाहिल्यासारखं करून गाडी ढकलत राहिला. अर्धी सावली!

त्यात गोदामातला ताहिर ड्रायव्हर, तोही चिपळूणचाच, गेला सुट्टीवर गावी, अन् बातमी थेट चिपळुणात! मग काय, सदानंदची आई गंगूबाई व्हिजिट व्हिसावर हजर! काखेत दुपटी, डब्यात डिंकाचे लाडू. "कुठाय रे माझं सोनं?" सदानंदनं गाडी पुढं केली. म्हातारी वाकली. आत हिरवी पाती, तलवारीसारखी ताठ! सदानंदला वाटलं, खलास, आता आपली धडगत नाही! पण म्हातारीनं मान वर केली ती लीनाकडं. लीनाचे डोळे भरलेले.

"अगंबाई," गंगूबाई म्हणाल्या, "उंचीला अगदी आजोबांवर गेलंय!"

आणि लीना हसली हो! रडता रडता हसली!

पुढं साहेबाची बदली झाली, मडमेनं "कीप इट" कळवलं. फूल? मफी, एकसुद्धा नाही! पण रोज न्हाऊ घालणं, दृष्ट काढणं, एसीच्या खोलीत दुपारची झोप... काल सदानंद कामावरून आला, दार जरा आपटलं, तर सासूसुना एकदम, "श्शऽऽ! आत्ताच डोळा लागलाय!"

काय करणार हो... चपला हातात घेऊन स्वयंपाकघरात गेला बिचारा.