रक्तगटांचा रकाना

पत्नीसाठी दुर्मीळ रक्ताच्या प्रतीक्षेत रक्तपेढीच्या बाकावर बसलेल्या सुताराच्या कानी खिडकीपलीकडील संभाषण पडले. वृद्ध कारकून मदतीला आलेल्या आपल्या लेकीशी बोलत होता.

"बाबा, संगणकावर रक्तदात्यांची यादी क्रमाने लावताना सगळे रकाने निवडले होते ना?"

"नावांना कशाला हात लावू? रक्तगटांचाच रकाना क्रमाने लावला."

"अहो, मग ज्याचा गट त्याच्यापाशी राहिलाच नाही!"

"म्हणून जो तो फोनवर सांगतोय, माझा गट हा नव्हेच."

"जुनी वही?"

"रद्दीत घातली गं. संगणक शिकलो ना मी, शेफारलो!"

"आता दोन हजार जणांना विचारणार?"

"सकाळपासून नव्वद झाले."

सुतार उठून खिडकीशी आला.

"साहेब, डॉक्टरांनी बारापर्यंतचाच वेळ दिलाय."

घड्याळात पावणेबारा वाजले होते. कारकुनाने एक्क्याण्णवावा क्रमांक लावला.