निवडुंगाचा शेंडा

डोळ्यांच्या दवाखान्यात नंबर पुकारणाऱ्या ताईंचे कान समोरच्या बाकावरच होते. तिथे एक निवृत्त पोस्टमन आणि रोपवाटिकेतला माळी बोलत बसले होते.

“रोज पाणी घातलंत?”

“माझ्या चहाच्या वेळी. मी एकट्यानं प्यायचं आणि त्यानं बघत बसायचं, बरं दिसतं का?”

“अहो, निवडुंग तो! महिन्यातून एकदा पुरे. बुडाशी कुजला असेल.”

“लोण्यासारखा मऊ झाला. शेजारी म्हणाले, कापा आणि चांगला भाग ठेवा.”

“बरोबर सांगितलं.”

“म्हणून बूड ठेवलं, शेंडा फेकला.”

“उलटं केलंत की!”

“मुळं बुडाला असतात ना? मुळं टाकून शेंडा कोण ठेवतं?”

“निवडुंगाचा ठेवतात. आठ दिवस सुकवून वाळूत लावला की नवी मुळं फुटतात.”

“बारा वर्षं वाढवलाय हो हिनं. लेकीच्या बाळंतपणाला जाताना मला हे एवढंच काम सांगून गेली. आज संध्याकाळी येतेय.”

“शेंडा कुठे फेकलात?”

“गल्लीतल्या कचरापेटीत. सकाळीच.”

“मग जिवंत असणार. पेटी कधी उचलतात?”

“बाराला.”

साडेअकरा वाजले होते. पोस्टमनकाका ताडकन उठले आणि दार समजून औषधांच्या कपाटाकडे निघाले.

“काका, बसा!” नंबर पुकारणाऱ्या ताई ओरडल्या. “आत्ताच थेंब घातलेत डोळ्यांत. तासभर सगळं धुरकट दिसणार. एवढ्या कचऱ्यात तो शोधणार कसा?”

“हात घालून,” काका म्हणाले. “लागला की कळेलच.”