बॅटिंग मागितली म्हणून

आमचं गाव विचाराल तर अछाम, पश्चिम नेपाळात, पण मी जन्मलेलो इथलाच, ठाण्याचा, आणि वाढलेलो बाळकुमला, एका कॉम्प्लेक्सच्या गेटमागं जिन्याखाली वॉचमनची खोली होती, त्या खोलीत. आई, बा आणि मी. आम्ही वडलांना बा म्हणतो. बा वॉचमन. त्याचं नाव कधी कुणी विचारलं नाही, सगळे बहादूर म्हणायचे, आणि मी छोटा बहादूर. लिफ्टपाशी बोर्ड होता, स्टाफच्या मुलांनी कंपाउंडमध्ये खेळू नये. पण बॉलिंग टाकणं म्हणजे काय खेळणं नाही, असं वरच्या पोरांनी ठरवलेलं.

काय सांगू तुम्हाला, शाळेतून आलो की वरून हाक, ए छोटू, चल बॉलिंग टाक. टाकायचो. त्यांची पाळी बदलायची, माझी नाही. एक आउट झाला की दुसरा, तो आउट झाला की म्हणायचा ट्रायल बॉल होता, परत टाक. परत टाकायचो. बॉल गटारात गेला तर मीच काढायचा, गाडीखाली गेला तर मीच सरपटत जायचं. आज पेपरवाले लिहितात, याच्याकडे नैसर्गिक वेग आहे. कसला नैसर्गिक? सगळे आउट झाले की मला जेवायला सोडायचे, म्हणून वेग आला.

सेक्रेटरीचा मुलगा होता, सनी. बॅट त्याची, सीझन बॉल त्याचा, म्हणून नियमही त्याचे. एक दिवस मी म्हटलं, सनी, आज मला बॅटिंग दे. एवढंच. तो हसला, म्हणाला, अबे तेरा बाप गेट खोलता है, तू बॅटिंग करेगा? मी त्याच्या हातातली बॅट धरली. त्यानं पोटात लाथ घातली. मग सगळे आले, ज्यांना रोज बॉलिंग टाकायचो ते सगळे, स्टंप उपटून. पाठीवर, नडगीवर, एक कानावर बसला तो कान अजून वाजतो. पडलेलो तिथंच बॉल होता. उठलो आणि जागेवरून टाकला, सनीच्या तोंडावर. पुढचे दात आत गेले, शर्ट रक्तानं भिजला. मुद्दाम टाकला. लिहा तुम्ही, मुद्दाम. इतकी वर्षं त्यांनी सांगितला तसा टाकलेला, तो पहिला बॉल मी माझ्या मनानं टाकला.

संध्याकाळी सोसायटीच्या ऑफिसात बोलावलं. कमिटीची माणसं बसलेली, सनी तोंडाला बर्फ लावून. सेक्रेटरी शिकलेले, बँकेत मोठ्या जागेवर, आवाज कधी चढायचा नाही. शांतपणे म्हणाले, हे बघ बहादूर, पोलिसात दिलं तर पोरगा आत जाईल आणि तुझी खोली जाईल. नाहीतर तूच शिक्षा दे, इथं, आमच्यासमोर. ज्या हातानं मारलं त्या हातावर.

बाच्या हातात ड्युटीची काठी होती. बा म्हणाला, हात काढ. मी उजवा काढला. बाने तो ढकलला आणि माझा डावा ओढून टेबलावर दाबला. सेक्रेटरी म्हणाले, अरे उजवा, उजवा. बा म्हणाला, साब, मराठी समझता नहीं.

खोटं! भाजीवालीशी, पाणीवाल्याशी बा मराठीतच भांडायचा. सेक्रेटरी हिंदीत सांगायला तोंड उघडतायत तोवर काठी आली, पूर्ण ताकदीनं. हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. बाने परत काठी उचलली तसे सेक्रेटरीच ओरडले, बस, बस, हो गया. हेच तर बाला हवं होतं. हळू मारली असती तर म्हणाले असते, आता उजव्यावर मार. आणि उजवा गेला असता तर मी आज कोण असतो?

खोली तरी गेलीच. नवीन एजन्सी आणली, आम्ही सामान उचलून दिवा गावात. तिथं प्लास्टर असतानाच मी परत बॉलिंग टाकायला लागलेलो. डावा हात वर गेल्याशिवाय उजव्यात जोर येत नाही, मग प्लास्टरसकट वर न्यायचो, कळ पार डोक्यात जायची. पाण्याच्या लाइनीत जितूदादाशी ओळख झाली, आगरी माणूस, टेनिस क्रिकेटच्या टीमचा कॅप्टन. त्यानं मला घेतलं. खाडीकडच्या भरावावर फायनल होती, माझ्या बॉलवर त्यांचे स्टंप उडायला लागले तशी बोंब सुरू, हा नेपाली बाहेरचा, काढा याला. जितूदादा म्हणाला, पान्याचे लायनीन रोज माजे फुडं उबा असतं, भायेरचा कसा रं? मग बॅटी फिरल्या. एक माझ्या डोक्यावर येत होती, जितूदादा मध्ये आला, त्याची भुवई फाटून डोळा रक्तानं भरला. दवाखान्यात टाके घालताना म्हणतो कसा, जा रं आता तुजे नेपालला, हितं हे तुला मारून टाकतील.

गेलो. अछामच्या काकानं नेपाळची कागदपत्रं करून दिली, काठमांडूला ट्रायल दिली. कोच म्हणाले, कुणी शिकवलं? म्हटलं, आमच्या सोसायटीच्या पोरांनी, फुकटात.

आता नेपाळच्या टीममध्ये आहे. बाळकुमच्या त्याच गेटवर माझा बॅनर लागलेला, आमचा अभिमान, खाली कमिटीची नावं. सत्काराला या म्हणून फोन आला. मी विचारलं, लिफ्टजवळचा बोर्ड आहे का अजून? म्हणाले, तो नियम आहे, तो कसा काढणार? मी गेलो नाही.

बा आता कोपरीला एका बिल्डिंगवर आहे, नोकरी सोड म्हटलं तर ऐकत नाही. मॅच झाली की फोन करतो, विकेट विचारत नाही, विचारतो, डावा? मी म्हणतो, बरा आहे. नाहीये. मनगट पूर्ण फिरत नाही, कॅच घेताना अजून कळ येते. पण बाचा राग नाही मला. काठी बाच्या हातात होती, मारली कमिटीनं.

आणि बॅटिंग मला अजून येत नाही. शेवटच्या नंबरला जातो, लोक हसतात. कुठून येणार? पण कुठल्या कंपाउंडमध्ये आजही एखादं पोर नुसतं बॉलिंग टाकत असेल, वॉचमनचं, भांडीवालीचं, तर त्याला माझा आशीर्वाद पोचवा. म्हणावं, बॅटिंग माग. मार पडेल. माग.