दाराएवढा फोटो

नाही नाही, खांद्यापर्यंत नको, अजून वर घ्या. कानाच्याही वर — मागून तर अगदी बारीक, पुरुषासारखी दिसले तरी चालेल. केस चांगले आहेत म्हणता, असू देत, ओळख पटते ती त्यांच्यामुळेच. आणि ताई, ही खुर्ची जराशी फिरवता का — हां, एवढी — आता आरशातून दार दिसतंय, बास.

तुमच्याकडे पहिल्यांदाच आले, बरोबर ओळखलंत. माझं नेहमीचं दुकान बाजाराला लागूनच आहे, पण तिथं सगळ्या ओळखीच्या, का गं कापलेस म्हणून विचारत बसतील. श्यो-युन म्हणा मला. मासळी विकते. आज सोमवार, बाजार बंद, नाहीतर मी कुठली अशी निवांत — निवांत कसली म्हणा. सारख्या जांभया देतेय ना मी? झोप नाही, दुसरं काही नाही. शनिवार-रविवार इतकी मजा केली की विचारू नका. आमच्या आ-क्वेईला साठ पूर्ण झाली. ती आणि पाओ-लियान, माझ्या दोन्ही बाजूंचे गाळे त्यांचे — मी इथं कीलुंगला आले तेव्हा कुणी ओळखीचं नव्हतं, या दोघींनी मला बर्फ कसा फोडायचा इथपासून शिकवलं. शनिवारी तिच्याकडे डुकराच्या पायांचा रस्सा आणि लांब शेवया. शेवई दातांनी तोडायची नाही, आयुष्य तुटतं — आणि नेमकं पाओ-लियानला मध्येच हसू फुटलं, शेवई नाकात, हसून हसून आम्ही लोळलो. मग कराओके. आ-क्वेईचा आवाज म्हणजे बर्फ फोडायची मशीन, पण माइक सोडेल तर शपथ. मी पण गायले. मला गाता येतं हे मलाच आठवत नव्हतं.

आणि काल ते प्रदर्शन. बंदरावरच्या जुन्या गोदामात फोटो लावलेत, आपल्या बाजाराचे. आ-क्वेई म्हणाली, चला, आपली कोळंबी भिंतीवर कशी दिसते बघू. आत शिरलो आणि समोर — मी. दाराएवढी. हातात माकूल मासळी, तोंड उघडं, हसतेय. मागं गाळ्याची पाटी, एकूण एक अक्षर वाचता येतंय. मी बाजारात कायम मास्क लावते हो, वासासाठी म्हणून सांगते सगळ्यांना. त्या दिवशी उकडत होतं, घटकाभर खाली ओढला असेन, तेवढ्यात कुणा पोरीनं टिपलं. या दोघी तर नाचायच्याच बाकी होत्या. आ-क्वेईनं मला त्या फोटोखाली उभी केली, आणखी फोटो काढले, लगेच टाकले सगळीकडे — बघा आमची श्यो-युन, म्हणून. मी म्हटलं, टाकू नकोस गं. तर म्हणे, लाजतेस काय नव्या नवरीसारखी. आणि पाओ-लियान डोळे पुसत म्हणाली, आज तुझा नवरा असता तर किती कौतुक केलं असतं त्यानं. ती फार चांगली आहे ताई. दरवर्षी पितरांच्या महिन्यात त्याच्या नावानं कागदी नोटा जाळते, वर त्याला खर्चाला पोचाव्यात म्हणून. आणि मी बाजूला हात जोडून उभी. जित्या माणसासाठी.

जित्या म्हणाले का मी? — म्हणाले खरं.

थांबू नका, कापत राहा. कात्रीचा आवाज चालू असला की बरं वाटतं. आहे तो जिवंत. खाली दक्षिणेला, पिंगतुंगच्या बाजूला. इथं आल्यावर लोक विचारायला लागले, नवरा काय करतो, तर तोंडातून निघून गेलं — वारला. मग ते तसंच राहिलं. मारायचा का म्हणाल तर फार नाही. आवाजसुद्धा चढवायचा नाही. माझ्या चपला कुलपात ठेवायचा. बाजारात जायचं असलं की मागायच्या, तो काढून देणार, आले की परत आत. एकदा पळाले, ताइनानला बहिणीकडे. चौथ्या दिवशी दारात हजर, हातात अननसाच्या वड्यांचा खोका, काय गोड बोलणं — मेहुणा खूश. म्हणाला, एवढा भला माणूस, जा परत. गेले. त्यानंतरचं नाही सांगत. दुसऱ्यांदा निघाले ती शेजारणीच्या चपला घालून, आणि या खेपेला बहिणीलाही पत्ता दिला नाही.

त्याला फोटो दिसेलच असं नाही, नाही का? एवढं मोठं बेट, इतकी माणसं, कोण कुणाचे फोटो बघत बसतंय. रात्रभर मी हेच स्वतःला — कुणी आलं का? नाही, पोस्टमन. असू दे.

माझा फोन वाजला वाटतं. जरा देता का तिथून, माझे हात या कापडाखाली आहेत. आ-क्वेईचा निरोप. वाचते थांबा. 'अगं, तुला एवढा लाघवी मामेभाऊ आहे हे कधी बोलली नाहीस. माझ्या फोटोखाली लिहिलंय त्यानं, मग फोनही केला. किती वर्षांनी ताईचं तोंड दिसलं म्हणून रडला बिचारा. तुला चकित करायचंय म्हणाला, पण माझ्या पोटात काही राहत नाही. गाळा कुठं, घर कुठं, सगळं नीट सांगितलंय. सकाळच्याच गाडीनं निघालाय. येताना वड्या आणतोय.'

मला मामाच नाही, ताई.

नाही, पाणी नको. कात्री ठेवा. अर्धेच झालेत, माहीत आहे मला, राहू देत. पळू म्हणता? कुठं पळू? पुन्हा नवं गाव, पुन्हा कुणाच्या तरी चपला — नाही. तुम्ही एक करा, त्या दाराला आतून कडी घाला. आणि जरा आतल्या खोलीत जाता का? रागावू नका, तुम्हाला सगळं सांगितलं मी, पण हे तुमच्यासमोर जमायचं नाही. जा तुम्ही.

हॅलो, आ-क्वेई? हो, वाचला. नाही, खूश नाही. पाओ-लियान आहे का जवळ? तिलाही ऐकू दे. आधी खाली बसा दोघी.