गावदेवीपुढचा नारळ

महाडला पोलादपूरच्या मोटारीची वाट बघत बसलो होतो. शेजारी कापडे गावच्या साळूबाई आणि मुंबईच्या गिरणीतून रजेवर आलेला त्यांचा पुतण्या मुरारी. त्याच्या डोक्यावर साहेबासारखी भली मोठी हॅट.

"काकी, काय सिनेमा पाह्यला गो! भावाला मारला म्हणून सात वर्सं घोड्यावरनं वैऱ्याच्या मागं!"

"सात वर्सं? आन् भाताची लावणी कोन करी?"

"तिकडं भात नाय गो. नुसती वाळू, घोडं, बंदुका."

"गावदेवी तरी हाय का?"

"नाय."

"मंग घोडाच दामटनार मेला! माझा तांबडा कोंबडा चोरीला गेला, तवा मी सरळ देवीपुढं नारळ ठेवला."

"कवा?"

"शिमग्यात. तू मुंबैला गेलास त्याच दिशी. म्हटलं, आई, चोराच्या टकुऱ्यावर एक केस ठेवू नको."

"काकी, मोटार आली वाटतं."

"कुठं आली? ती टोपी काढ, घामानं भिजलास."

"असू दे गो."

"काढ म्हनते ना!"

"काकी, पाया पडतो, आधी तो नारळ उचल! दोन कोंबडं देतो, तांबडंच!"