दव उतरेपर्यंतची शाळा

माननीय अध्यक्ष महाराज, व्यासपीठावरची थोर पाहुणेमंडळी, आमचे प्राचार्य आणि सोमवारपासून कुलगुरू होणारे चिंतामणराव पांढरीपांडे सर, सौ. अनुपमाताई, आणि जागा न मिळाल्यानं खिडक्यांशी उभे असलेले अमरावतीकर,

मी खुशालराव, अकोल्याकडच्या एका खेड्यातला शेतकरी. ढेपेच्या पोत्यांवरची अक्षरं जुळवत वाचायला शिकलो. एवढ्या विद्वानांत मला काहून उभं केलं, असं तुम्हांला वाटत असेल. सर मास्तर झाले ते आमच्या गावात, त्रेपन्न साली. मी तेव्हा शाळा समितीवर होतो.

सर अमरावतीचे, शहरातले. कार्तिकात कापसाची वेचणी लागली की आमची पोरं वावरात जातात, हे त्यांना कोण सांगणार? नियमाप्रमाणे हजेरीपटातून मॅट्रिकच्या नऊ पोरांची नावं त्यांनी कमी केली. दुसऱ्या दिवशी मैनाबाई कमरेची कापसाची ओटी न सोडता वर्गाच्या दारात उभी.

"मास्तर, माह्या देवीदासाचं नाव कावून कापलं? तो का पत्ते खेळून राह्यला होता?"

"बाई, तो शाळेत येत नाही."

"वेचता वेचता भूमिती घोकून राह्यला तो! चाला, सोताच्या कानानं आयका."

आणि सर गेले! बांधावर उभं राहून त्यांनी प्रमेय ऐकलं, वर एक चूकही काढली. मैनाबाई म्हणाली, "चुकलं तं चुकलं, पन घोकलं तं ना?"

आता, ओला कापूस कोणी वेचत नाही. दव उतरेपर्यंत माणसं वावरात बसूनच असतात. सरांनी तेवढा वेळ धरला. महिनाभर सकाळी बांधावर शाळा भरली. पण नावं तर कापलेली. परीक्षेचे फॉर्म जाणार कसे? तपासणीला साहेब आले, तेव्हा सर सर्वांदेखत म्हणाले, "पोरं गैरहजर नव्हती. मला गाव कळलं नव्हतं. चूक माझी आहे, शिक्षा मला द्या, फॉर्म त्यांचे घ्या."

फॉर्म घेतले गेले. नऊपैकी आठ पास झाले, नववा पुढच्या वर्षी! (टाळ्या राखून ठेवा मंडळी, पुढे लागतील.) मैनाबाईचा तो देवीदास आज याच कॉलेजात गणित शिकवतो. हे बघा, तिसऱ्या रांगेत मान खाली घालून बसला आहे.

सरांच्या कागदावर मात्र शेरा आला. त्यांना कायम करायचं की नाही, यासाठी समितीची सभा बसली. दोघे म्हणाले करा, दोघे म्हणाले नको. राहिला पाचवा. शाळेच्या नव्या इमारतीवर त्याच्या नावाचा दगड बसला होता. तो म्हणाला, "मास्तर बांधावर शिकवू लागले तर आमच्या इमारतीले कोन इचारते?" सरांची नोकरी गेली.

तो पाचवा मी होतो.

तेवीस वर्षं हे मी सरांना सांगितलं नाही. सर, हात हलवून मला बसवू नका. कुलगुरू तुम्ही असाल, पण लाऊडस्पीकर माझ्यापुढं आहे. इथून पुढचं सगळं यांचं यांनी मिळवलं. अमरावतीत शिकवण्या केल्या, एम.ए.ला पहिले आले, प्राध्यापक झाले, प्राचार्य झाले. आणि आता विद्यापीठ! आमच्या गावानं जे माणूस ठेवून घेतलं नाही, ते सगळ्या विद्यापीठानं मागून नेलं. वाजवा आता टाळ्या!

बोलावल्याबद्दल आयोजकांचे उपकार. माझ्या वऱ्हाडी बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर सभेनं पोटात घालावं. त्या दिवशीच्या मताची माफी मात्र मी सभेकडं मागत नाही, सरांकडं मागतो. द्यायची की नाही ते त्यांनी ठरवावं. साहेबापुढं चूक कबूल करायला यांना एक महिना लागला. मला तेवीस वर्षं लागली.