निळ्या रेषेतला खड्डा

हॅलो? … हो, मीच. ऑफिसातूनच… अगं आई, जेवले, कधीच जेवले, चार वाजायला आलेत! … तू आधी सांग, लॅपटॉप लावलास? … फळा नीट दिसतोय त्यात? … छान. मग आवाज का असा रडवेला? … अगं ऐक ना… नाही, तुझा ऑनलाइन तास तिसऱ्यांदा नाही तुटणार. … हो, शाळेने शेवटची संधी म्हटलंय, पाठ आहे मला ते. मंगळवारी नि गुरुवारी मधेच बंद पडलं, त्यात तुझ्या गणित शिकवण्याचा काय दोष?

… काय बघतेय म्हणजे? आठवडाभर आपल्या घरच्या इंटरनेटच्या दोन्ही लाइनी इथून स्क्रीनवर बघतेय. पांढऱ्या डब्याची निळी रेष, काळ्याची नारिंगी. दर दहा सेकंदांना किती आलं, किती गेलं… छे गं, तुझं बोलणं नाही ऐकू येत! पाण्याचा मीटर पाणी किती वापरलं ते सांगतो, अंघोळ कोणी केली ते नाही सांगत. तसंच.

… हं, तर रोज चार दहाला निळी रेष शून्यावर. पंधरा मिनिटांनी परत वर. … रोज! रविवारीसुद्धा. … हो, मग काळा डबा काम उचलतो, पण तेवढ्यात तुझा चालू पाठ तुटतो. धावत्या गाडीतून दुसरीत उडी मारल्यावर सामान मागे राहणारच ना. … कंपनीला तीनदा कळवलं. ते म्हणतात, आमच्याकडून सगळं ठीक आहे. … मीही चिडले. पण आई, अर्ध्या मिनिटाचा फरक नाही गं. कुठला बिघाड इतका वक्तशीर अस…

थांब. थांब, थांब. आत्ता काय झालं तिकडे? … निळी पडली! आणि ही तिची वेळच नाही, चारला दहा कमी आहेत… तू हात लावलास? … मग कोण आहे त्या खोलीत? … बाबा काय करतायत?

… विश्रांती? … कोणाला, डब्याला? … दे. दे त्यांना फोन.

बाबा… हो, गरम होतो, मान्य… रोज चार दहाला? … आज मुद्दाम आधी, आईच्या पाठाला गार असावा म्हणून… नाही, हसत नाहीये मी. … हो, छापखान्यात तीस वर्षं तुमचं यंत्र अडलं नाही. चार दहाला पंधरा मिनिटं थांबवायचात, दुसरं चालूच असायचं, ठाऊक आहे. पण कागद आत असताना थांबवलं असतंत? … तेच. आई शिकवत असते ना, तेव्हा कागद आत असतो.

… बाबा? … अहो, नाही… ऐका ना. उलट, तुम्ही होतात म्हणून सापडलं! खरा बिघाड कधी घड्याळ बघून येतो का? … हां, हसलात. लावा बटण. … हिरवा दिवा? … दोन मिनिटं धरा… अजून नाही… अजून… आली! निळी आली! … आईला सांगा, कर सुरू. … ऐकलं तिने सगळं? काय म्हणाली? … "तरीच"! एवढंच? मग वाचलात.

फोन ठेवू नका. बाहेर येऊन बसा, दार ओढून घ्या.

… हो, सुरू झालं, दिसतंय मला. … हळू बोला. … रेष थरथरली की समजायचं, ती फळ्याकडे वळली. … चार सात. … बाबा, हात खिशात. … सवय आहे, म्हणूनच म्हटलं. … नऊ. … मीही श्वास रोखलाय, काय करू? … दहा.

… अकरा. … आहे. … अहो, आहे तशीच आहे, सरळ.

मला इथे नुसती रेष दिसते. तुम्हाला दारातून काही ऐकू येतं का? … कोण, मुलं? काय झालं? … आईने फळ्यावर मुद्दाम गणित चुकवलं? आणि एकीने पकडलं? … मग? … आईच हसतेय?

… नाही, काही नाही. सर्दी झालीये जराशी. … तुम्ही ऐका. एक शब्द सोडू नका, संध्याकाळी मला सगळं हवंय. ठेवते.